फायबर चॅनेल साठवण-जाळ्यातील स्विचची उभारणी : दोन स्वतंत्र मार्गांचे नियोजन

सारांश

संस्थेची माहिती अनेक सर्व्हरच्या आतील डिस्कवर विखुरलेली न ठेवता ती सामाईक डिस्क-संचात ठेवणे आणि प्रत्येक सर्व्हरला त्या संचापर्यंत वेगवान मार्ग उपलब्ध करून देणे, हे साठवण-जाळ्याचे कार्य होय. या जाळ्याच्या केंद्रस्थानी फायबर चॅनेल स्विच असतो. स्विच रॅकमध्ये बसवून तो सुरू करणे हे काही तासांचे काम आहे; मात्र त्यापूर्वीचे नियोजन अपुरे राहिल्यास त्याचे परिणाम संस्थेला अनेक वर्षे भोगावे लागतात. प्रस्तुत लेखात स्विच-उभारणीच्या नियोजनाचे टप्पे स्पष्ट केले असून, सर्व्हर आणि डिस्क-संच यांच्यामधील दोन मार्ग कागदावर नव्हे तर प्रत्यक्षात परस्परांपासून स्वतंत्र राखणे हे या नियोजनाचे मुख्य सूत्र आहे, असे प्रतिपादन केले आहे.

बीजशब्द : साठवण-जाळे, फायबर चॅनेल, स्विच, फॅब्रिक, झोन, डोमेन क्रमांक, पर्यायी मार्ग.

१. प्रस्तावना

संगणकाच्या सामान्य जाळ्यात क्षणभर अडथळा आला तर वापरकर्त्याला थोडा वेळ थांबावे लागते आणि पान पुन्हा उघडले की काम पुढे सुरू होते. साठवण-जाळ्याची गोष्ट निराळी आहे. आपली डिस्क सदैव जागेवर आहे असे गृहीत धरूनच सर्व्हरवरील कार्यप्रणाली आपले व्यवहार करीत असते. ही डिस्क अचानक दिसेनाशी झाली तर डेटाबेस बंद पडतो, अर्धवट लिहिलेल्या नोंदी तपासाव्या लागतात आणि कित्येकदा बॅकअपवरून माहिती पुन्हा भरण्याची वेळ येते. परीक्षेचे निकाल, रुग्णालयातील तपासणी-अहवाल, बँकेचे व्यवहार किंवा करदात्यांची विवरणपत्रे ज्या यंत्रणेत साठविली जातात, तेथे असा खंड ही केवळ तांत्रिक गैरसोय राहत नाही. तिची झळ सामान्य नागरिकापर्यंत पोहोचते.

अशा यंत्रणेची खरेदी करताना चर्चा बहुधा स्विचची किंमत, पोर्टची संख्या आणि वेग यांपुरती मर्यादित राहते. उभारणी कशी होणार, मार्ग कोठून जाणार, वीज कोठून येणार, कोणते क्रमांक कोणाला दिले जाणार, या प्रश्नांची उत्तरे पुष्कळदा उभारणीच्या दिवशीच शोधली जातात. या प्रश्नांचा क्रमवार विचार करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. माहिती तंत्रज्ञानाखेरीज अन्य विषयांच्या प्राध्यापकांनाही विषय समजावा म्हणून आवश्यक त्या संकल्पना प्रथम स्पष्ट केल्या आहेत.

२. संकल्पना आणि पार्श्वभूमी

डिस्क आणि सर्व्हर यांना जोडण्यासाठी पूर्वी समांतर तारांची स्कझी पद्धत प्रचलित होती. एका केबलवर नियंत्रकासह जास्तीत जास्त १६ उपकरणे जोडता येत आणि तिच्या एलव्हीडी या प्रकारात केबलची लांबी १२ मीटरच्या आत ठेवावी लागे. प्रत्येक सर्व्हरची डिस्क त्याच्यापुरतीच राही. एका सर्व्हरची जागा रिकामी पडून असताना दुसऱ्याची भरून जाई. या मर्यादा ओलांडण्यासाठी फायबर चॅनेल या तंत्राचा विकास १९८८ मध्ये सुरू झाला आणि १९९४ मध्ये त्याला अमेरिकन राष्ट्रीय मानक संस्थेची, म्हणजेच ‘अ‍ॅन्सी’ची मान्यता मिळाली. हे तंत्र प्रकाशतंतूप्रमाणेच तांब्याच्या तारेवरूनही चालू शकते, म्हणूनच त्याच्या नावातील ‘फायबर’ या शब्दाचे इंग्रजी स्पेलिंग प्रकाशतंतूच्या अमेरिकन स्पेलिंगहून मुद्दाम वेगळे ठेवण्यात आले.

फायबर चॅनेलमध्ये उपकरणे तीन प्रकारे जोडता येतात : थेट एकास एक, सामाईक वलयात किंवा स्विचच्या माध्यमातून. वलयात १२६ उपकरणे सामावू शकतात. परंतु सर्वांना एकच वेग वाटून घ्यावा लागतो. स्विचच्या रचनेत मात्र प्रत्येक पोर्टला स्वतःचा पूर्ण वेग मिळतो. परस्परांना जोडलेल्या स्विचच्या या रचनेला ‘फॅब्रिक’ म्हणतात. प्रारंभी १ गिगाबिट असलेला वेग प्रत्येक पिढीत दुप्पट होत २, ४, ८, १६, ३२ आणि ६४ गिगाबिट असा वाढत गेला आहे. १ गिगाबिटच्या जोडणीवरून एका दिशेने सेकंदाला सुमारे १०० मेगाबाइट माहिती जाते. १६ गिगाबिटच्या जोडणीवरून ती सुमारे १,६०० मेगाबाइट जाते.

या जाळ्याचे एक वैशिष्ट्य येथे नमूद केले पाहिजे. समोरच्या पोर्टमध्ये चौकट ठेवण्यास जागा आहे, अशी खात्री झाल्याखेरीज पाठविणारे पोर्ट चौकट पाठवीतच नाही. या परवानगीला ‘क्रेडिट’ म्हणतात. त्यामुळे गर्दी झाली तरी सहसा माहिती टाकून दिली जात नाही. परंतु याचीच दुसरी बाजू अशी की, एक संथ उपकरण आपली जागा वेळेवर मोकळी करीत नसेल तर त्याच्यामागे रांग लागते आणि ती रांग इतर निर्दोष सर्व्हरनाही अडवते. एकाच फॅब्रिकमध्ये असलेली उपकरणे एकमेकांच्या दोषांची भागीदार असतात, ही गोष्ट पुढील सर्व विवेचनाच्या मुळाशी आहे.

३. ऑस्ट्रेलियातील एक बोधक उदाहरण

नियोजनातील लहानसहान बाबींचे महत्त्व ऑस्ट्रेलियाच्या कर कार्यालयातील घटनेवरून स्पष्ट होते. १२ डिसेंबर २०१६ रोजी या कार्यालयाचे सिडनी येथील साठवण-जाळे कोलमडले. संकेतस्थळ आणि करदाते व कर-सल्लागार यांच्यासाठीच्या ऑनलाइन सेवा बंद पडल्या. यंत्रणा सावरली जात असतानाच २ फेब्रुवारी २०१७ रोजी सेवा पुन्हा खंडित झाली.

कर कार्यालयाने जून २०१७ मध्ये या घटनेविषयीचा अहवाल प्रसिद्ध केला. त्यातील निष्कर्ष कोणत्याही नियोजनकर्त्याने लक्षात ठेवावेत असे आहेत. डिस्क-संचाला जोडणाऱ्या प्रकाशतंतूच्या केबल योग्य रीतीने बसविलेल्या नव्हत्या आणि त्यांवर ताण येत होता. डिस्कमधील आज्ञावलीत दोष होता. देखरेखीच्या काही सुविधा सुरूच केलेल्या नव्हत्या. रचना करताना स्थैर्यापेक्षा वेगाला अधिक महत्त्व दिले गेले होते. घटनेपूर्वीच्या काळात धोक्याच्या १५९ सूचना नोंदल्या गेल्या होत्या. काही केबल बदलण्यातही आल्या होत्या, पण मूळ धोका दूर झाला नव्हता. यंत्रणा पूर्ववत करण्यासाठी लागणारी काही साधने तर त्याच कोलमडलेल्या जाळ्यावर ठेवलेली होती. फेब्रुवारीतील खंड हा केबलची दुरुस्ती सुरू असताना जोडणीची कार्डे जागेवरून हलल्यामुळे उद्भवला होता.

हा दोष केवळ स्विचचा नव्हता, हे खरे. तथापि ताणलेली केबल, बंद राहिलेली देखरेख, एकाच ठिकाणी ठेवलेली सर्व साधने आणि चालू यंत्रणेत हात घालताना झालेला अपघात या चारही गोष्टी स्विच-उभारणीच्या नियोजनाशी थेट संबंधित आहेत. यांपैकी एकाही गोष्टीचा वेगाशी संबंध नाही. सर्वांचा संबंध पूर्वतयारीशी आहे.

४. नियोजनाचे टप्पे

४.१ गरजेची निश्चिती

पहिला प्रश्न स्विच कोणता घ्यावा हा नसून फायबर चॅनेलची गरज आहे काय, हा आहे. सामान्य इथरनेट जाळ्यावरून डिस्कचे आदेश वाहून नेणाऱ्या आयस्कझी पद्धतीचे मानक २००४ मध्ये प्रसिद्ध झाले आणि लहान संस्थांसाठी ती कमी खर्चाची ठरते. दोन-तीन सर्व्हर असतील तर डिस्क-संचाला ते थेट जोडणेही पुरेसे होते. सर्व्हरची संख्या मोठी असणे, डेटाबेसचा भार अखंड असणे आणि खंड पडल्यास होणारी हानी गंभीर असणे, या परिस्थितीतच फायबर चॅनेलचा खर्च समर्थनीय ठरतो.

४.२ दोन फॅब्रिकची रचना

गरज निश्चित झाल्यावर रचनेचे मूलभूत तत्त्व येते. प्रत्येक सर्व्हरला दोन पोर्ट असावेत. एक ‘अ’ फॅब्रिकला आणि दुसरे ‘ब’ फॅब्रिकला जोडावे. डिस्क-संचातील दोन्ही नियंत्रकांची पोर्टही दोन्ही फॅब्रिकमध्ये विभागावीत. सर्व्हरवरील बहुमार्ग आज्ञावली एक मार्ग खंडित होताच दुसऱ्या मार्गाने काम सुरू ठेवते.

येथे एक चूक वारंवार संभवते. दोन स्विच आहेत, तर ते एकमेकांना जोडले म्हणजे रचना अधिक भक्कम होईल, असे वाटणे स्वाभाविक आहे. वस्तुतः ‘अ’ आणि ‘ब’ यांमध्ये एक केबल टाकताच दोन फॅब्रिकचे एकच फॅब्रिक होते. मग झोनच्या यादीतील चुकीचा बदल, आज्ञावलीतील दोष किंवा संथ उपकरणामुळे लागलेली रांग एका बाजूपुरती मर्यादित न राहता दोन्हीकडे पसरू शकते. यंत्र बिघडल्यास दुसरे यंत्र उपयोगी पडते. माणसाची चूक झाल्यास मात्र स्वतंत्र फॅब्रिकच उपयोगी पडते. म्हणून ‘अ’ व ‘ब’ यांना जोडणारी केबल कधीही टाकू नये.

स्वातंत्र्याची हीच कसोटी सर्व्हरच्या आतही लावावी. एकाच कार्डावरील दोन पोर्ट दोन फॅब्रिकला जोडली तर केबल दोन, पण कार्ड एकच राहते. महत्त्वाच्या सर्व्हरसाठी दोन स्वतंत्र कार्डे घेणे श्रेयस्कर होय.

४.३ पोर्ट आणि वेग यांची मोजणी

पोर्टची मोजणी उदाहरणाने स्पष्ट होईल. समजा, एका संस्थेत १२ सर्व्हर, प्रत्येकी ४ पोर्टचे दोन नियंत्रक असलेला एक डिस्क-संच आणि बॅकअपसाठी २ टेप-ड्राइव्ह आहेत. प्रत्येक फॅब्रिकमध्ये सर्व्हरची १२, डिस्क-संचाची ४ आणि टेपचे १ अशी १७ पोर्ट लागतील. २४ पोर्टचा स्विच घेतल्यास ७ पोर्ट उरतात. पुढील काही वर्षांत ४ सर्व्हर आणि डिस्क-संचाची २ पोर्ट वाढणार असतील तर २३ पोर्ट व्यापली जातील. एखादे पोर्ट नादुरुस्त झाले किंवा दुसरा स्विच जोडण्याची वेळ आली तर जागाच उरणार नाही. शिवाय अनेक स्विचमध्ये पोर्ट प्रत्यक्षात २४ असली तरी त्यांपैकी काहींचाच परवाना मूळ किमतीत असतो. उरलेल्यांसाठी वेगळे पैसे मोजावे लागतात. खरेदीच्या निविदेत ही बाब स्पष्टपणे लिहून घ्यावी.

वेगाची मोजणीही अशीच करावी. वरील उदाहरणात सर्व पोर्ट १६ गिगाबिटची मानल्यास एका फॅब्रिकमध्ये सर्व्हरची एकत्रित क्षमता १९२ गिगाबिट आणि डिस्क-संचाची ६४ गिगाबिट, म्हणजे ३ : १ असे प्रमाण येते. सर्व सर्व्हर एकाच क्षणी पूर्ण वेगाने वाचन-लेखन करीत नसल्यामुळे असे प्रमाण व्यवहारात चालते. परंतु एक मर्यादा पाळावीच लागते. एक फॅब्रिक बंद पडल्यास संपूर्ण भार दुसऱ्यावर येतो. म्हणून दैनंदिन स्थितीत कोणत्याही फॅब्रिकवरील भार त्याच्या क्षमतेच्या निम्म्याच्या आत राहिला पाहिजे. दोन्ही फॅब्रिक सत्तर-सत्तर टक्के भरलेली असतील तर पर्यायी मार्ग आहे असे म्हणणे ही केवळ मनाची समजूत ठरते.

४.४ जागा, वीज आणि हवा

बहुतेक लहान स्विच रॅकमध्ये एका एककाची, म्हणजे ४४.४५ मिलिमीटर उंचीची जागा घेतात. दोन फॅब्रिकचे स्विच शक्यतो दोन वेगळ्या रॅकमध्ये बसवावेत, म्हणजे एका रॅकमध्ये वीज गेली किंवा पाणी गळले तरी दुसरा सुरक्षित राहतो.

स्विचला दोन वीजपुरवठा-संच असतील तर ते दोन वेगळ्या वीज-पट्ट्यांना जोडावेत आणि त्या पट्ट्या वेगळ्या यूपीएसवर असाव्यात. कमी किमतीच्या काही स्विचमध्ये एकच वीजपुरवठा-संच असतो. तेथे ‘अ’ स्विच एका पट्टीवर आणि ‘ब’ स्विच दुसऱ्या पट्टीवर घ्यावा. दोन्ही पट्ट्या अखेरीस एकाच यूपीएसच्या एकाच स्विचबोर्डाला जाऊन मिळतात काय, हे भिंतीपर्यंत केबल हाताने तपासून पाहावे. भारनियमन किंवा वादळी पावसातील वीजखंड नित्याचा असलेल्या गावी ही तपासणी टाळता येत नाही. यूपीएसवरील भार किती वेळ टिकेल, याच्या हिशेबात स्विचचाही समावेश करावा. सर्व्हर सुरू राहिले आणि स्विच आधी बंद पडला तर सर्व्हरच्या दृष्टीने डिस्कच नाहीशा होतात.

हवेच्या दिशेकडे बहुधा दुर्लक्ष होते. सर्व्हर समोरून थंड हवा घेतात आणि मागून गरम हवा सोडतात. सर्व्हरची पोर्ट मागील बाजूस असल्यामुळे स्विचची पोर्टही मागे ठेवणे सोयीचे असते. अशा वेळी स्विचमधील हवा पोर्टच्या बाजूने बाहेर पडणारी असली पाहिजे. विरुद्ध दिशेचे पंखे असलेला स्विच तसाच बसविल्यास तो सर्व्हरनी सोडलेली गरम हवा आत ओढून घेतो. स्विच वापरीत असलेल्या प्रत्येक वॅटमागे तासाला सुमारे ३.४१ बीटीयू उष्णता निर्माण होते. वातानुकूलन यंत्राची क्षमता ठरविताना ही बेरीज धरावी.

४.५ केबल

खोलीच्या आत बहुधा ५० मायक्रॉन गाभ्याचा मल्टिमोड प्रकाशतंतू वापरतात. दूरच्या इमारतींसाठी सुमारे ९ मायक्रॉन गाभ्याचा सिंगलमोड प्रकाशतंतू लागतो. वेग वाढतो तसे मल्टिमोडचे अंतर घटत जाते. ओएम३ प्रकारच्या केबलवर ८ गिगाबिटला १५० मीटर, १६ गिगाबिटला १०० मीटर आणि ३२ गिगाबिटला ७० मीटर अंतर गाठता येते. ओएम४ साठी हेच आकडे १९०, १२५ आणि १०० मीटर असे आहेत. जुन्या ओएम२ केबलवर १६ गिगाबिटला अवघे ३५ मीटर मिळतात. म्हणजेच पूर्वी इमारतीत टाकलेली केबल भौतिकदृष्ट्या सुस्थितीत असली तरी नव्या स्विचसाठी ती निरुपयोगी ठरू शकते. स्विच काही वर्षांनी बदलतो, केबल मात्र भिंतीत तशीच राहते. म्हणून केबलची निवड आजच्या नव्हे तर पुढील पिढीच्या वेगानुसार करावी.

दोन इमारती जोडताना दोन्ही फॅब्रिकच्या केबल एकाच चरातून नेऊ नयेत. रस्त्याच्या कामातील खोदाईच्या एकाच घावाने दोन्ही तुटल्या तर दोन फॅब्रिकवर केलेला सर्व खर्च व्यर्थ जातो. प्रकाशतंतू स्वतः वीजवाहक नसतो, पण चिलखती केबलमधील धातूचे आवरण वीजवाहक असते. त्याचे अर्थिंग करणे आवश्यक आहे.

अंतर वाढले की क्रेडिटची संख्याही वाढवावी लागते. प्रकाशतंतूतून प्रकाश एका किलोमीटरला सुमारे ५ मायक्रोसेकंद घेतो. पूर्ण आकाराची चौकट जाऊन तिची पोच परत येईपर्यंत पाठविणाऱ्याने थांबून राहू नये यासाठी, किलोमीटरमधील अंतराला गिगाबिटमधील वेगाने गुणून आलेल्या संख्येच्या निम्मी क्रेडिट्स किमान असावीत, असा ढोबळ नियम आहे. १० किलोमीटर अंतर आणि १६ गिगाबिट वेग यांसाठी ही संख्या ८० येते. प्रत्यक्ष चौकटी पूर्ण आकाराच्या नसल्यास त्याहून अधिक क्रेडिट्स लागतात.

जोडणी करताना केबल तिच्या व्यासाच्या दहापटीहून कमी त्रिज्येत वाकवू नये, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी आवळून बांधू नये आणि तिचे वजन जोडाग्रावर लोंबू देऊ नये. ५० मायक्रॉनच्या गाभ्यावर धुळीचा एखादा कण बसला तरी प्रकाश अडतो, म्हणून नवी कोरी केबलदेखील जोडण्यापूर्वी जोडाग्र पुसून घ्यावे. ऑस्ट्रेलियातील अहवालात ताणलेल्या केबलचा उल्लेख आला आहे, तो या साध्या सूचनांचे मोल सांगण्यास पुरेसा आहे.

४.६ क्रमांक, नावे आणि झोन

भौतिक रचनेनंतर तार्किक रचनेचा विचार येतो. फॅब्रिकमधील प्रत्येक स्विचला १ ते २३९ या मर्यादेत एक डोमेन क्रमांक असतो आणि जोडलेल्या उपकरणाचा २४ बिटांचा पत्ता या क्रमांकापासूनच सुरू होतो. एकाच फॅब्रिकमध्ये दोन स्विचचा क्रमांक सारखा आला तर ते परस्परांत मिसळत नाहीत. कारखान्यातून आलेल्या अनेक स्विचचा क्रमांक १ असल्यामुळे हा प्रसंग दुर्मीळ नाही. पुढे क्रमांक बदलायचा झाल्यास सामान्यतः स्विचचे कामकाज थांबवावे लागते. एचपी-यूएक्स आणि एआयएक्सच्या जुन्या आवृत्त्यांत तर पत्ता बदलताच डिस्कचा मार्गच हरवत असे. म्हणून ‘अ’ फॅब्रिकला ११ पासून आणि ‘ब’ फॅब्रिकला २१ पासून, अशी क्रमांकांची वाटणी आरंभीच करून ठेवावी. पत्ता पाहताच तो कोणत्या बाजूचा आहे हे कळते, हा त्याचा आणखी एक लाभ.

कोणत्या सर्व्हरला कोणते डिस्क-पोर्ट दिसावे हे झोन ठरवितो. झोन न आखल्यास काही उत्पादनांत सर्वांना सर्व काही दिसते, तर काहींत कोणालाच काही दिसत नाही. पहिली स्थिती अधिक धोक्याची आहे, कारण एखादा सर्व्हर दुसऱ्याच्या डिस्कला कोरी समजून तिच्यावर आपली खूण लिहू शकतो. एका झोनमध्ये सर्व्हरचे एकच पोर्ट आणि त्याला लागणारी डिस्क-संचाची पोर्ट ठेवावीत, हा सर्वमान्य संकेत आहे. त्यामुळे झोनची संख्या वाढते, परंतु एका सर्व्हरच्या हालचालीची सूचना दुसऱ्याला जात नाही.

प्रत्येक पोर्टला ६४ बिटांचे, १६ षोडशमान अंकांचे जागतिक नाव असते. ते पाठ राहणे शक्य नसल्यामुळे त्याला सर्व्हरचे नाव, पोर्टचा क्रमांक आणि फॅब्रिक दर्शविणारे सोपे उपनाव द्यावे. ही उपनावे, झोन आणि पोर्टची वाटणी यांचा तक्ता स्विच खोक्यातून बाहेर काढण्यापूर्वीच तयार असावा. दोन्ही स्विचवर एकाच सर्व्हरला एकच पोर्ट-क्रमांक दिल्यास रात्री-अपरात्री दोष शोधणाऱ्याचे काम सुकर होते.

दुसरीकडून आणलेला जुना स्विच फॅब्रिकला जोडण्यापूर्वी त्यातील झोन आणि अन्य मांडणी पूर्णपणे पुसून टाकावी. अन्यथा त्याची जुनी यादी चालू यादीत मिसळते किंवा दोन्ही याद्यांचा मेळ न बसल्यामुळे जोडणीच नाकारली जाते.

४.७ व्यवस्थापन आणि देखरेख

स्विचला व्यवस्थापनासाठी स्थिर आयपी पत्ता द्यावा, कारखान्याचा पासवर्ड बदलावा आणि घड्याळ सामाईक वेळ-सर्व्हरशी जुळवून घ्यावे. दोन स्विचच्या नोंदींतील वेळ जुळत नसेल तर घटनांचा क्रम लावता येत नाही. दोष-सूचना कोणाकडे जातील आणि सूचना आल्यावर ती व्यक्ती काय करील, हेही लिहून ठेवावे. सूचना नोंदल्या जाणे आणि त्यांवर पुरेशी कृती होणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. स्विचच्या मांडणीची प्रत या जाळ्यावरील डिस्कवर न ठेवता अन्यत्र ठेवावी. किल्ली कुलूपबंद खोलीतच राहावी, तसा प्रकार अन्यथा होतो.

सर्व्हरचे कार्ड, त्याची चालक-आज्ञावली, स्विच आणि डिस्क-संच यांच्या आवृत्त्या परस्परांशी जुळतात काय, हे उत्पादकांच्या तक्त्यावरून पडताळावे. पुढे आज्ञावली अद्ययावत करताना एका वेळी एकच फॅब्रिक हाती घ्यावे आणि काही दिवस निरीक्षण केल्यानंतरच दुसऱ्याकडे वळावे. दोन्ही बाजू एकाच रात्री बदलणे म्हणजे दोन मार्ग असण्याचा लाभ स्वतःहून सोडणे होय.

५. स्वीकृतीपूर्व चाचणी

उभारणी पूर्ण झाली असे पुरवठादाराने सांगणे आणि ती सिद्ध होणे यांत अंतर आहे. कामकाज सुरू होण्यापूर्वी, डिस्कवर महत्त्वाची माहिती नसतानाच, पुढील चाचण्या घ्याव्यात. प्रथम प्रत्येक सर्व्हरला अपेक्षित तितके मार्ग दिसतात काय, हे मोजावे. वरील उदाहरणात सर्व्हरचे प्रत्येक पोर्ट आपल्या फॅब्रिकमधील डिस्क-संचाच्या दोन पोर्टशी झोनने जोडले असेल तर एकूण ४ मार्ग दिसले पाहिजेत. दोनच दिसत असतील तर एक बाजू मुळातच निकामी आहे, आणि रोजचे काम सुरळीत चालत असल्यामुळे हा दोष पहिल्या बिघाडापर्यंत कोणाच्याही लक्षात येणार नाही. त्यानंतर वाचन-लेखन सुरू ठेवून एक केबल काढावी, नंतर एक वीज-पट्टी बंद करावी आणि शेवटी संपूर्ण ‘अ’ स्विच बंद करावा. काम थांबले काय, किती सेकंद थांबले आणि स्विच पुन्हा सुरू केल्यावर मार्ग आपोआप परतले काय, याची नोंद करावी. हीच चाचणी ‘ब’ स्विचवरही घ्यावी. देयक अदा करण्याची अट या नोंदींशी जोडल्यास संस्थेचे हित साधते.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

प्रत्यक्ष फायबर चॅनेल स्विच प्रत्येक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेत असणे शक्य नाही. परंतु नियोजन हा कागद-पेन्सिलीने करता येणारा अभ्यास आहे. सर्व्हरची संख्या, खोलीचा नकाशा आणि विजेची स्थिती देऊन विद्यार्थ्यांकडून पोर्टचा तक्ता, झोनची यादी आणि केबलची लांबी काढून घेता येईल. त्यानंतर एकेक घटक खोडून ‘आता माहिती मिळते काय?’ असा प्रश्न विचारावा. कोणताही एक घटक खोडल्यावर उत्तर ‘नाही’ असे आले, तर आराखडा पुन्हा करावयास सांगावे. वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना हाच अभ्यास निविदा आणि जोखीम-व्यवस्थापन या अंगांनी देता येईल.

७. निष्कर्ष

फायबर चॅनेल स्विचच्या उभारणीचे यश स्विचच्या वेगावर कमी आणि पूर्वनियोजनावर अधिक अवलंबून असते. पोर्टची मोजणी, वीज, हवा, केबल, क्रमांक, झोन, देखरेख आणि चाचणी हे टप्पे वरकरणी भिन्न दिसले तरी त्यांच्या मुळाशी एकच प्रश्न आहे : दोन मार्ग खरोखर दोन आहेत काय? कार्ड, वीज-पट्टी, यूपीएस, केबलचा चर, झोनची यादी किंवा अद्ययावत करण्याची वेळ यांपैकी एका जरी ठिकाणी ते एकत्र आले, तरी त्या ठिकाणापुरता मार्ग एकच उरतो. ही एकत्र येण्याची ठिकाणे कागदावर शोधण्यास काही दिवस लागतात. चालू यंत्रणेत ती शोधून दुरुस्त करताना मात्र सेवा थांबवावी लागते, आणि तो भुर्दंड तंत्रज्ञापेक्षा निकालाची, उपचाराची किंवा परताव्याची वाट पाहणाऱ्या माणसावर अधिक पडतो.